वाकड्या पाठीच्या बातमीतलं गळून पडलेलं प्रश्नचिन्ह

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आरोग्याच्या पानावर तुम्ही एक लेख छापला होता, "वाकड्या पाठीचं मूळ मेंदूत?" असं हेडिंग आणि शेजारी मेंदूचा लाल-निळा फोटो. लेख मी दोनदा वाचला, आतला मजकूर बऱ्यापैकी सांभाळून लिहिलाय, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तक्रार हेडिंगची आहे. पेपरात ते प्रश्नचिन्ह होतं पण दुपारी आमच्या फॅमिली ग्रुपवर फोटो येईपर्यंत कुणीतरी ते कापून टाकलं होतं, आणि संध्याकाळी जळगावहून मावशीचा फोन, "अगं पोरीच्या डोक्याचा फोटो काढला का? पेपरात आलंय." मग चुलत सासूबाई. मग सोसायटीतल्या एक काकू, त्यांनी तर मला गेटवरच थांबवून हळू आवाजात विचारलं, "अभ्यासात कशी आहे गं मग ती?" त्या "मग" चा अर्थ मला कळला, न कळायला काय झालं.

तर सांगते. माझी मुलगी १३ वर्षांची, आठवीत आहे, तिला स्कोलिओसिस आहे, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकलेला. मी इंदिरानगरला घरीच शिवणकाम करते, ब्लाऊज, ड्रेस, शाळांचे युनिफॉर्म. बीएस्सी झालेय पण ते सर्टिफिकेट कपाटात आहे. पोटाला मशीनच लागली. आणि खरं सांगायचं तर तिचा आजार आधी सापडला तो मशीनवरच, आणि सापडूनही मला कळला नाही याचं आजही वाईट वाटतं.

सातवीच्या सुरुवातीला तिचा युनिफॉर्मचा कुर्ता शिवला, घालून बघितला तर खालचा घेर उजवीकडे दोन बोटं वर. म्हटलं कापड तिरकं कापलं गेलं असेल, उसवलं, सारखं केलं, परत घातला, परत तेच. मग मी तिलाच ओरडले की नीट ताठ उभी राहा, सारखं एका पायावर वजन देऊन उभी राहतेस. बाईसाहेब ताठ उभ्या राहिल्या, कुर्ता तिरकाच. शेवटी उजवीकडची खांद्याची शिवण थोडी उतरवून मी तो कुर्ता जमवून टाकला, म्हणजे आजार झाकणारा कुर्ता माझ्याच हाताने शिवला म्हणा ना. पुढे दोन-तीन महिन्यांनी टाचण्यांची डबी सांडली, मुलगी गाऊन घालून खाली वाकून टाचण्या वेचत होती, मी मागे मशीनवर. पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा वर. थोडीथोडकी नाही, जणू आतून कुणी उशी सरकवलीय. मशीनचं पायडल तिथंच थांबलं.

हाडांच्या डॉक्टरांनी तेच केलं जे टाचण्यांनी केलं होतं. दोन्ही पाय जुळव, गुडघे सरळ, हात जोडून खाली वाक. बस. याला अ‍ॅडम्सची टेस्ट म्हणतात, विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या इंग्रज सर्जनने १८६५ साली सांगितलेली, आणि अजून तीच चालते. पाठीवर एक छोटी पट्टी ठेवतात, सुताराच्या लेव्हलसारखी, स्कोलिओमीटर, ती किती कलते ते बघतात. मग उभं राहून पूर्ण पाठीचा एक्स-रे, त्यावर रेघा मारून कोन मोजायचा, कॉब अँगल, तिचा २८ डिग्री. १० च्या वर गेला की स्कोलिओसिस म्हणायचं. मणका नुसता बाजूला जात नाही, पिळला पण जातो, टॉवेल पिळतो तसा, आणि त्या पिळाने एका बाजूच्या फासळ्या मागे येतात, मला दिसली ती उशी म्हणजे त्या फासळ्या.

नाव विचारलं तर डॉक्टर म्हणाले अ‍ॅडोलसंट इडिओपॅथिक स्कोलिओसिस. इडिओपॅथिक म्हणजे काय विचारलं तर म्हणाले कारण माहीत नाही. एवढं मोठं नाव आणि अर्थ काय तर माहीत नाही! १० ते १८ वयात साधारण १०० मुलांमागे २-३ जणांना असतो, आणि स्कोलिओसिसच्या दहातल्या आठ केसेस याच प्रकारच्या. छोटा बाक मुलगे-मुली दोघांनाही सारखाच होतो म्हणतात पण वाढत जाणारा मोठा बाक मुलींमध्येच कितीतरी जास्त.

आता कारण माहीत नसलं की आपल्याकडे कारणं द्यायला माणसं कमी नसतात. सासरे म्हणाले मोबाईल. शाळेतल्या एक मॅडम म्हणाल्या दप्तर. शेजारचे म्हणाले एका कुशीवर झोपत असेल. आणि मी, चार वर्षं "पोक काढू नको, पोक काढू नको" असं दिवसातून दहादा म्हणणारी, मला वाटत होतं की माझंच म्हणणं हिने ऐकलं नाही म्हणून हे झालं. हे सगळं चुकीचं होतं. दप्तराने पाठ दुखते, ते हलकं असावंच, आपल्याकडे मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांचा नियम आहे तो पाळावाच, पण दप्तराने किंवा वाकून बसण्याने असा पिळाचा स्कोलिओसिस होत नाही. कॅल्शियमच्या गोळ्यांनी जात पण नाही, आणि हाड बसवणाऱ्याकडे नेऊन "कडकड" करून तर अजिबात नाही, तसा सल्ला देणारे पण भेटले, पत्ता सुद्धा देत होते.

म्हणून मेंदूवरचं संशोधन मला आवडतं. हो, आवडतं. भांडण संशोधनाशी नाहीये. माझी भाची फिजिओथेरपी शिकते, तिच्याकडून बरंच समजून घेतलं, काही रात्री स्वतः वाचलं, डिक्शनरी शेजारी घेऊन. मुळात पाठीच्या आजारासाठी डोक्यात कोण कशाला बघेल? तर नुसतं सरळ उभं राहणं हे सुद्धा काम आहे. डोळे सांगतात, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो, पायाच्या तळव्यातून, स्नायूंतून खबर येते, मेंदू हे सगळं जुळवून पाठीच्या दोन्ही बाजूच्या स्नायूंना सांगत राहतो, तू थोडा ओढ, तू सैल सोड. आणि ११-१२ व्या वर्षी पोरी सहा महिन्यांत ड्रेस आखूड करतात, मला विचारा, त्या वेळी हा हिशोब जरा जरी चुकला तर? अशी शंका येणं साहजिक आहे, कारण सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना किंवा मज्जारज्जूत पाण्याची पोकळी झालेल्यांना पाठीचा बाक येतो हे डॉक्टरांना आधीपासून माहीत आहे.

मग लोकांनी बघायला सुरुवात केली. हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतल्या टीमने बरीच वर्षं हे काम केलंय, स्कोलिओसिसच्या मुली आणि त्याच वयाच्या बाकीच्या मुली यांचे मेंदूचे एमआरआय शेजारी ठेवून. काही भागांच्या आकारात फरक दिसला, मेंदूचा डावा-उजवा अर्धा जोडणारा जो जाड पट्टा असतो कॉर्पस कॅलोसम नावाचा त्याच्या धाग्यांत फरक दिसला, कानाच्या आतल्या तोलाच्या नळ्यांच्या घडणीत सुद्धा. स्पेनमधल्या लोकांनी २०११ मध्ये फंक्शनल एमआरआय केला, म्हणजे मशीनमध्ये झोपवून हाताची साधी हालचाल करायला लावायची आणि मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो ते बघायचं, तर हालचालीची आखणी करणारा भाग या मुलांमध्ये जास्त कामाला लागलेला दिसला, म्हणजे तेवढ्याच कामाला जास्त मेहनत. कॅनडात क्यूबेकला तर कानामागे अगदी हलका करंट देऊन तोल मुद्दाम हलवून बघितला, या मुली जास्त डोलल्या. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण माझी पोरगी डोळे मिटून एका पायावर उभी राहायच्या खेळात कायम हरायची. पण लगेच भाचीने कान धरला, "मामी, हा पुरावा नाही, मी पण हरते, आणि माझी पाठ सरळ आहे."

आणि इथंच त्या प्रश्नचिन्हाचं महत्त्व आहे साहेब.

हे फरक सरासरीचे आहेत. माझ्या भाषेत सांगते. समजा सिडकोतल्या ३० बायकांची कंबर मोजली आणि पंचवटीतल्या ३० बायकांची, आणि सरासरीत अर्धा इंच फरक निघाला. खरा फरक, मोजलेला. पण उद्या दारात एक बाई आली, मी टेप लावली, २-४ इंच तर प्रत्येक बाईत इकडेतिकडे असतंच, त्या मापावरून ती सिडकोची का पंचवटीची हे मी सांगू शकेन का? नाही. तसंच एका मुलीचा मेंदूचा एमआरआय बघून तिला स्कोलिओसिस होईल का, वाढेल का, हे आज कुणी सांगू शकत नाही. बऱ्याच स्टडीत मुलं पण मोजकीच होती, आणि एकाला एका भागात फरक दिसला तर दुसऱ्याला दुसऱ्याच भागात.

दुसरी गोष्ट आधी काय झालं याची. मशीनवर चुण्या पडायला लागल्या की नवीन शिकाऊ मुलगी म्हणते धाग्याचं टेन्शन, म्हणजे ताण, बिघडलंय. असेल. पण कधी कधी जाड कापड जबरदस्तीने घातल्याने टेन्शन बिघडलेलं असतं, आधी कापड, मग टेन्शन. या मुलींची पाठ दोन-तीन वर्षं वाकडी आहे, मेंदू त्या वाकड्या पाठीशी रोज जुळवून घेतोय, तर मेंदूतला फरक हा त्या जुळवून घेण्याने पण आलेला असू शकतो ना? हे ठरवायचं तर पाठ वाकडी व्हायच्या आधी स्कॅन करायला पाहिजे. हिशोब करा, आठ-नऊ वर्षांची १००० सरळ पाठीची मुलं घ्या, सगळ्यांचे एमआरआय करा, मग चार-पाच वर्षं थांबा, त्यातल्या २०-३० जणांना बाक येणार आणि त्यातल्याही थोड्यांचाच वाढणार. किती पैसे, किती पालक तयार होणार. म्हणून हे कोडं पटकन सुटत नाही, संशोधक आळशी आहेत म्हणून नाही.

शिवाय मेंदू एकटाच संशयित नाही. जपानच्या टीमने २०११ मध्ये एलबीएक्स१ नावाच्या जीनजवळ (जनुकाजवळ) या आजाराशी संबंध असलेला बदल सापडल्याचं दाखवलं, जुळ्यांमध्ये बघितलं तर एकसारख्या जुळ्यांत दोघींना असण्याचं प्रमाण जास्त, म्हणजे घराण्याचं काहीतरी आहे. झेब्राफिश नावाचा बोटाएवढा मासा असतो, घरच्या अ‍ॅक्वेरियममध्ये पण असतो, २०१६ मध्ये दिसलं की त्याच्या मेंदू-मणक्यातल्या पाण्याचा प्रवाह बिघडला की त्याची पाठ वाकडी होते. (हे मी मुलीला सांगितलं तर ती म्हणे "म्हणजे आता मी मासा पण का?")

आता मुद्द्याचं. त्या फॉरवर्डनंतर आमच्या घरात आठ दिवस एकच विषय, मेंदूचा एमआरआय करून टाकू. आजोबा म्हणाले पैसे मी देतो. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले करा हवं तर, मोठ्या मशीनमध्ये पोरगी अर्धा तास घाबरून पडेल, रिपोर्ट बहुतेक नॉर्मल येईल आणि ब्रेस, म्हणजे बाक वाढू नये म्हणून अंगावर घालायचा कडक पट्टा, आहे तोच राहील. एमआरआय लागतो, पण तो मणक्याचा, आणि तो पण सगळ्यांना नाही. बाक छातीच्या भागात डावीकडे असेल, मूल १० वर्षांच्या आतलं असेल, कोन झपाट्याने वाढत असेल, पाठ खूप दुखत असेल, हातापायात मुंग्या, अशक्तपणा, लघवीचा त्रास असं काही असेल तर मज्जारज्जू बघावा लागतो. तेव्हा मागेपुढे बघू नये. माझ्या मुलीचा बाक उजवीकडे, दुखत नाही, नसांची तपासणी ठीक. नाही काढला. हे मी मुद्दाम लिहितेय कारण मला माहितीये की नाशिकमध्ये माझ्यासारख्या अजून चार घरांत तुमचं कात्रण फ्रीजवर लावलेलं असेल, आणि त्यातला एखादा बाप कर्ज काढून मेंदूचा फोटो काढेल आणि ब्रेसला पैसे उरणार नाहीत.

ब्रेसबद्दल तुमच्या लेखात दोनच ओळी होत्या. ती खरी बातमी होती साहेब. २०१३ मध्ये अमेरिका-कॅनडातली एक मोठी स्टडी आली, ब्रेस घालणाऱ्यांमध्ये ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० डिग्रीच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांमध्ये ४८ टक्के. फायदा एवढा स्पष्ट दिसला की स्टडी वेळेआधी थांबवली. आणि ब्रेसमध्ये छोटा सेन्सर बसवून तास मोजले होते, जी मुलं रोज साधारण १३ तासांच्या वर घालत होती त्यांच्यात यश ९० टक्क्यांच्या पुढे. म्हणजे आईला दाखवायला घातला आणि शाळेत काढून ठेवला हे सेन्सरला कळतं. ४८ चा आकडा पण बघा, जवळपास निम्म्यांचं काही न करता पण निभावलं, म्हणून एखादी काकू "आमच्या भाचीचं तर आपोआप थांबलं" म्हणते ती खोटं बोलत नाही. पण कुणाचं थांबेल ते आधी सांगता येत नाही ना.

आमच्याकडे १८ तास सांगितलाय. नातेवाईक त्याला पट्टा म्हणतात, मुलगी चिलखत म्हणते. कडक प्लास्टिकचा, उजवीकडे फासळ्यांवर आतून गादी, डावीकडे जागा मोकळी, मागे तीन बेल्ट. एप्रिल-मे मध्ये नाशिकच्या उन्हात हे घालून शाळेत जायचं म्हणजे काय ते घालणाऱ्यालाच माहीत. पहिल्या आठवड्यात बाजारच्या बनियनच्या शिवणी कमरेला रुतून लाल वळ उठले, तेव्हा मी मेन रोडवरून सुती होजिअरीचं कापड आणलं आणि बाजूला शिवणच नाही अशी बनियन शिवली, गोल कापडातून, खांद्याची शिवण उलटी बाहेर काढून, लांबी मांडीपर्यंत म्हणजे गोळा होऊन वर सरकत नाही. सहा शिवल्या. त्या बघून तिच्यासारख्याच दोन मुलींच्या आया येऊन घेऊन गेल्या, कापडाचे पैसे घेतले फक्त. कुर्ते आता ए-लाइन, खांद्याची शिवण मी आता उतरवत नाही, जसा खांदा आहे तसा.

माझं मागणं छोटं आहे. शाळेत हा वाकायचा तपास का होत नाही? अर्धा मिनिट लागतो, मशीन नको, वीज नको. तज्ज्ञ मंडळी म्हणतात मुलींचा १० आणि १२ व्या वर्षी, मुलांचा एकदा १३-१४ ला करावा. याला विरोध करणारे पण आहेत हे प्रामाणिकपणे सांगते, अमेरिकेतल्या एका तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये म्हटलं की सरसकट तपासाचा फायदा-तोटा ठरवायला पुरावा पुरेसा नाही, शिवाय काळजी ही की उगाच शंका येऊन कितीतरी मुलांचे विनाकारण एक्स-रे होतात, आणि वाढत्या वयात सारखे एक्स-रे चांगले नाहीतच. पटतं मला. पण तिथं १०-१२ वर्षांच्या मुलीला डॉक्टर वर्षातून एकदा बघतो. आपल्याकडे पाळी आल्यावर मुलगी आईसमोर सुद्धा कपडे बदलत नाही, ओढणी आणि सैल टॉप, कोण बघणार पाठ? आमची २८ वर सापडली. काही जणी ५० वर येतात, मग ऑपरेशन, रॉड, स्क्रू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या टीम सरकारी आणि अनुदानित शाळांत येतातच, डोळे-दात-वजन बघतात, त्यातच एकदा वाकून बघा. आरोग्य विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे, फिजिओथेरपीची एवढी पोरं शिकतात, वर्षातून दोन दिवस शाळाशाळांत जाऊ देत. मुलींना महिला डॉक्टरांनी, पडद्याआड, एवढं पाळलं की झालं. आणि शिवणारीला दिसलं तर तिने सांगावं. मी आता युनिफॉर्मचं माप घेताना दोन्ही खांदे वेगवेगळे मोजते, अर्ध्या इंचाच्या वर फरक दिसला की आईला बाजूला घेऊन सांगते. दोघी रागावल्या, एक परत आलीच नाही, एकीच्या मुलीला खरंच निघाला, १६ डिग्री, तिला फक्त दर सहा महिन्यांनी दाखवायचं आहे.

मुलीने पण तो लेख वाचला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "म्हणजे मी पोक काढून बसायचे म्हणून नाही झालं ना हे?" नाही म्हटलं. "मग ते आजोबांना पण सांग." सांगितलं. आजोबांनी मोबाईलचा मुद्दा अजून सोडलेला नाही.

पुढच्या वेळी या विषयावर छापाल तर तो मेंदूचा लाल-निळा फोटो नको, वाकलेल्या मुलीच्या पाठीचं साधं चित्र छापा, बघून कुठल्याही आईला घरी करता येईल असं. चित्र मुलगी काढून द्यायला तयार आहे, तिची चित्रकला बरी आहे. उंचवटा कुठल्या बाजूला दाखवायचा विचारलं तर म्हणते, "उजवीकडेच, तो मला न बघता येतो."

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक